बाटलीवरचें नांव

मद्याच्या बाटल्यांविषयींचा लेख या पानावर पाहून कांहीं वडीलधारी मंडळी अंक मिटून बाजूस ठेवतील, अशी आम्हांस भीति वाटते. त्यांस आमची एवढीच विनंति आहे कीं, ज्या बाटल्यांची हकीकत आम्ही सांगणार आहों त्या सर्व रिकाम्या आहेत. त्यांतील द्रव शंभर-सवाशें वर्षांपूर्वीं कोणाच्या तरी घशाखालीं उतरून गेला. मागें उरली ती कांच, आणि कांचेवर उठविलेलीं कांहीं अक्षरें. या अक्षरांत व्यापाराची, कायद्याची आणि लबाडीची जी कथा सांपडते, ती मद्यास कधीं स्पर्शहि न केलेल्या गृहस्थानें वाचण्याजोगी आहे. कारण तिचा शेवट आपल्या स्वयंपाकघरांतील फळीवर येऊन होतो.

ही कथा अमेरिकेंतील आहे. तेथें जुन्या व्हिस्कीच्या बाटल्या जमविणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. जुन्या घरांच्या परसांतील बुजलेले शौचकूप उकरून ते या बाटल्या वर काढतात. जेथें केर नेणारी गाडी येत नसे, तेथें फुटकीं भांडीं व रिकाम्या बाटल्या टाकण्याची जागा तीच असे. आणि घरच्या मंडळींस चोरून रिचविलेल्या बाटलीस तर त्याहून सोयीची जागा कोणती?

केंटकी प्रांतांत मका, राय व सातू यांपासून व्हिस्की गाळण्याचा धंदा अठराव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आला. पण ती मोहोरबंद बाटलींतून विकण्याची चाल त्या मानानें अलीकडची. १८७० पर्यंत भट्टीवाला आपला माल बहुधा ओकच्या लांकडी पिंपांतून घाऊक व्यापाऱ्यास देई, घाऊक व्यापारी तो गुत्तेवाल्यास किंवा औषधविक्यास देई, आणि गिऱ्हाईक आपला बुधला घेऊन दुकानीं जाई. आपल्याकडे घाण्यावरून तेल आणण्याची जशी रीत होती तशीच ही. या प्रवासांत पिंपाचें बूच किती वेळां निघालें आणि आंत काय काय पडलें, हें पाहणारा कोणी नसे. दोन पिंपांचीं तीन पिंपें करण्याची विद्या ज्यांस अवगत होती, त्यांस 'रेक्टिफायर', म्हणजे शोधन करणारा, असें भारदस्त नांव होतें. ज्यास रंग नाहीं, चव नाहीं, असें निर्गुण स्पिरिट घ्यावें. त्यांत पाणी मिसळावें. जळक्या साखरेनें रंग आणावा, सुक्या आलुबुखाऱ्याच्या रसानें गोडी आणावी, कीं तें सगुण होऊन चार वर्षें पिंपांत मुरलेल्या व्हिस्कीच्या शेजारीं निर्लज्जपणें बसे! सगळेच शोधक असे नव्हते. कित्येकजण चांगल्या भट्ट्यांचा माल एकत्र करून चांगलीच वस्तु विकीत. पण दोहोंतील भेद ओळखण्याचें साधन गिऱ्हाइकाच्या हातीं नव्हतें.

या अविश्वासांतून बाटली जन्मास आली. लुईव्हिल शहरीं जॉर्ज गार्व्हिन ब्राउन नांवाचा एक तरुण औषधें विकण्याचा धंदा करी. त्या काळीं डॉक्टर लोक व्हिस्की औषध म्हणून देत, आणि पिंपांतून येणारा माल दर खेपेस निराळा निघतो ही त्यांची तक्रार असे. १८७० सालीं ब्राउन यानें तीन भट्ट्यांची व्हिस्की एकत्र करून तिचा गुण एकसारखा राखला, ती केवळ मोहोरबंद कांचेच्या बाटल्यांतूनच विकावयाची असें ठरविलें, आणि मालाविषयींची आपली हमी लेबलावर लिहिली. 'ओल्ड फॉरेस्टर' हें नांव त्यानें विल्यम फॉरेस्टर नांवाच्या डॉक्टरावरून ठेविलें असें सांगतात. त्याच्या पेढीची परंपरा लुईव्हिल येथें आजहि चालू आहे. आमच्या मतें या व्यवहारांत मोलाची गोष्ट कांच नव्हे, हमी होय. 'या बाटलींत जें आहे त्याचा जबाब मी देईन' असें व्यापाऱ्यानें प्रथमच गिऱ्हाइकाच्या हातीं लिहून दिलें.

मग सगळ्यांनींच लगेच बाटल्या कां वापरल्या नाहींत? कारण बाटली महाग होती. ती माणसाच्या श्वासानें घडत असे. जुन्या बाटलीचें वय ओळखण्याची खूणहि येथेंच आहे. १८६० च्या सुमारापर्यंतच्या पुष्कळ बाटल्यांच्या बुडाशीं एक खडबडीत वण आढळतो. कारागीर फुंकनळीनें बाटली फुगवी, आणि तिचें तोंड घडवितांना ती धरतां यावी म्हणून बुडास लोखंडी सळई चिकटवी. ती तोडली कीं हा वण राही. पुढें धरण्यास चिमट्यासारखें साधन आलें व वण नाहींसा झाला. सांच्यांत फुगविलेल्या बाटलीच्या अंगावर सांध्याची बारीक रेघ उठते. ही रेघ मानेवर कोठें तरी विरली असेल तर तोंड हातानें घडविलेलें समजावें. ती ओठावरून पार वर गेली असेल तर बाटली यंत्राची. मायकेल ओवेन्स यानें ओहायो प्रांतांतील टोलेडो येथें आपलें स्वयंचलित यंत्र १९०३ च्या सुमारास सिद्ध केलें, आणि पुढील कांहीं वर्षांत फुंकनळीवाल्यांचा धंदा बसत गेला. कांच रंगहीन दिसावी म्हणून तींत मँगॅनीज घालीत. अशी बाटली वर्षानुवर्षें उन्हांत पडून राहिली कीं जांभळी होते.

गोटीच्या सोड्याची बाटली ज्यांनीं हाताळली आहे, त्यांस कांचेवरील उठावाचीं अक्षरें म्हणजे काय हें सांगावयास नको. हीं अक्षरें उठविण्यासाठीं सांच्यांत एक सुटी पत्री बसविण्याची सोय असे. पत्री बदलली कीं त्याच सांच्यांतून दुसऱ्या दुकानदाराच्या नांवाची बाटली निघे. त्यामुळें लहानशा गांवांतील विक्रेत्यासहि थोड्या खर्चांत आपलें नांव कांचेवर मिरवितां येई. परंतु वाचकांनीं हें ध्यानांत धरावें कीं, बाटलीवर जें नांव असे तें बहुधा विकणाऱ्याचें, गाळणाऱ्याचें नव्हे. सॅन फ्रान्सिस्को येथील अँसन हॉटलिंग हा केंटकीच्या कटर-छाप व्हिस्कीचा अडत्या. त्याच्या बाटल्यांवर कटरच्या जोडीस त्याचेंहि नांव ठळकपणें दिसतें. १९०६ च्या एप्रिलांत त्या शहरांत भूकंप होऊन मोठी आग लागली. कित्येक प्रार्थनामंदिरें भस्मसात् झालीं, आणि जॅक्सन रस्त्यावरील हॉटलिंगची व्हिस्कीची वखार मात्र जशीच्या तशी उभी राहिली. या घटनेचा अर्थ लावतांना तेथील धर्मोपदेशकांस बरेच श्रम पडले असतील.

आतां नांवांकडे वळूं. पहिलें नांव एडमंड बूझ याचें. फिलाडेल्फियाच्या या व्यापाऱ्यानें न्यू जर्सींतील व्हिटनी कांचकारखान्यांत लांकडी झोंपडीच्या आकाराची बाटली करविली. तिच्या भिंतींवर त्याचें नांव व पत्ता आहे, आणि छपरावर '१८४०' असा आंकडा आहे. १८४० सालीं विल्यम हेन्री हॅरिसन अध्यक्षपदासाठीं उभे होते व लांकडी झोंपडी हें त्यांच्या पक्षाचें चिन्ह झालें होतें; म्हणून ही बाटली त्या निवडणुकींतील, असें लोक पुष्कळ दिवस मानीत. अभ्यासकांनीं शोध केला तेव्हां ती १८६० नंतरच्या दशकांतील ठरली. म्हणजे छपरावरील आंकड्यापेक्षां बाटली वीस वर्षांनीं धाकटी! दारूस इंग्रजींत 'बूझ' म्हणतात तो शब्द या गृहस्थाच्या नांवावरून पडला, अशीहि एक समजूत आहे. चाळीस वर्षें विद्यार्थ्यांकडून धातु घोकवून घेतलेल्या आम्हांस अशी गोड व्युत्पत्ति सोडवत नाहीं. पण ती सोडली पाहिजे. तो शब्द डच भाषेकडून आलेला असून बूझसाहेबांच्या जन्मापूर्वीं कित्येक शतकें इंग्रजींत रुळला होता. १९३० नंतरच्या दशकांत या झोंपडीच्या नकलाहि झाल्या. तेव्हां मूळ बाटलीवरील सन बाटलीचा नव्हे, आणि हातीं येणारी बाटली पुष्कळदां मूळचीच नव्हे.

दुसरें नांव बाटलीवर नसलेलें आहे. आयझॅक वुल्फ बर्नहाइम हा जर्मनींतील बाडेन प्रांतीं जन्मलेला ज्यू मुलगा १८६७ सालीं अमेरिकेंत आला. पाठीवर गांठोडें घेऊन तो पेनसिल्व्हेनियांत खेडोपाडीं फेरी करी. पुढें घोडा घेतला, तो मेला. मग केंटकींतील पडूका गांवीं येऊन त्यानें हिशेबनिसाची नोकरी धरली, आणि १८७२ सालीं भावाबरोबर स्वतःची पेढी घातली. त्याची प्रसिद्ध व्हिस्की 'आय. डब्ल्यू. हार्पर' या नांवानें विकली जाई. यांतील पहिलीं दोन अक्षरें त्याचीं स्वतःचीं. हार्पर हें त्या प्रांतांतील एका प्रसिद्ध अश्वपालाचें आडनांव असें म्हणतात. परक्या वळणाचें आडनांव गिऱ्हाइकास रुचणार नाहीं असें त्यास वाटलें असावें. हें फसवणुकींत मोडतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. नांव उसनें होतें तरी माल आपलाच म्हणून तो विकीत होता, आणि त्याचा जबाब देत होता. १९२९ सालीं त्यानें लुईव्हिलच्या दक्षिणेस सुमारें चौदा हजार एकर जमीन घेऊन ती लोकांसाठीं अरण्य म्हणून राखून ठेविली. त्या अरण्यास आज बर्नहाइम हेंच नांव आहे.

तिसरें नांव मात्र निखालस लबाडीचें. न्यू यॉर्क प्रांतांतील रॉचेस्टर शहरच्या वॉल्टर डफी याची 'प्युअर मॉल्ट व्हिस्की' पिंगट रंगाच्या गोल बाटलींतून विकली जाई. बाटलीवर कंपनीचें नांव स्पष्ट उठविलेलें असे. खोटें होतें तें जाहिरातींत. क्षय, फुप्फुसदाह, अजीर्ण, अशक्तता, यांपैकीं या व्हिस्कीनें बरा होणार नाहीं असा रोगच जणूं राहिला नव्हता! शंभरी गांठलेल्या वृद्धांचीं चित्रें आणि धर्मोपदेशकांचीं प्रशस्तिपत्रें वर्तमानपत्रांत झळकत. १८९८ सालीं स्पेनशीं युद्ध जुंपलें तेव्हां अमेरिकेच्या सरकारनें पेटंट औषधांवर कर बसविला आणि या व्हिस्कीवरहि तो लागू केला. डफीच्या कंपनीनें त्या करालाच भूषण करून, सरकारनेंच आमची व्हिस्की औषध म्हणून मान्य केली आहे, असें जगास सांगितलें. १९०५ सालीं सॅम्युएल हॉपकिन्स ॲडम्स यानें 'कॉलिअर्स' साप्ताहिकांत बनावट औषधांवर लेखमाला लिहून जीं प्रकरणें उघडकीस आणलीं, त्यांत हें एक होतें. जो क्षयरोगी डॉक्टराकडे न जातां ही बाटली उशाशीं ठेवून निजला, त्याचा काय अंत झाला असेल, याचा वाचकांनींच विचार करावा.

सारांश, व्यापाऱ्याची हमी व्यापाऱ्याइतकीच खरी. म्हणून तिला साक्षीदार हवा होता, आणि तो सरकारच्या रूपानें आला. ३ मार्च १८९७ रोजीं अमेरिकेंत एक कायदा झाला. कर्नल एडमंड टेलर हे केंटकींतील भट्टीवाले व जॉन कार्लाइल हे त्या वेळचे अर्थमंत्री हे त्याचे पुरस्कर्ते होते. एकाच भट्टींत, एकाच हंगामांत गाळलेली, सरकारी कुलुपाखालीं निदान चार वर्षें मुरलेली आणि निम्मी मद्यार्क असलेली व्हिस्की असेल, तरच तिच्या बुचावरून सरकारी पट्टी चिकटवावयाची, असा त्यांतील नियम होता. पट्टी फाडल्यावांचून बूच निघत नसे. पुढें १९०६ सालीं अन्न व औषधें यांच्या शुद्धतेचा कायदा झाला. आणि कोणत्या द्रवास व्हिस्की म्हणावें या वादाचा निकाल १९०९ च्या डिसेंबरांत खुद्द अध्यक्ष टाफ्ट यांनीं दिला. निव्वळ असेल तर निव्वळ लिहा, मिश्रण असेल तर मिश्रण लिहा, असें त्याचें तात्पर्य होतें. नाम आणि रूप यांचा मेळ बसविण्यासाठीं वेदांत्यांनीं जेवढी डोकेफोड केली नसेल, तेवढी एका मद्यासाठीं वकिलांनीं केली!

एवढें होऊनहि बाटलीवर जें कधींच आलें नाहीं तें सांगितल्यावांचून ही कथा पुरी होत नाहीं. टेनेसी प्रांतांतील जॅक डॅनियल याची चौकोनी बाटली आज जगभर ओळखली जाते. त्यास व्हिस्की गाळण्याची विद्या कोणी शिकविली? डॅन कॉल नांवाच्या धर्मोपदेशकाच्या भट्टीवर राबणाऱ्या नाथन ग्रीन या कृष्णवर्णीय गुलामानें. लोक त्यास 'निअरेस्ट' म्हणत. गुलामगिरी संपल्यावर तो डॅनियलच्या भट्टीचा पहिला मुख्य कारागीर झाला. त्याच्या घराण्यांत आणि गांवांत ही गोष्ट पिढ्यान्पिढ्या सांगितली जात होती. पण जगास ती २०१६ सालीं वर्तमानपत्रांतून कळली, आणि त्यानंतरच कंपनीनें आपल्या इतिहासांत त्यास मानाचें स्थान दिलें. गुरूचें नांव दीडशें वर्षें शिष्याच्या बाटलीवर नव्हतें. ज्या देशांत विद्येची परंपरा गुरूच्या नांवानें सांगतात, तेथील वाचकांस हें विशेष जाणवेल. त्याबरोबरच आपल्या देशांतहि ज्यांच्या हातांत कला होती, त्या कारागिरांपैकीं किती जणांचीं नांवें आपण राखलीं, हा प्रश्नहि मनांत आल्यावांचून राहणार नाहीं.

दुसरी वगळलेली नांवें स्त्रियांचीं. आठवड्याचा पगार गुत्त्यांत ठेवून रित्या हातानें घरीं येणाऱ्या पुरुषांच्या बायकांनीं १८७३-७४ च्या हिंवाळ्यांत ओहायो प्रांतीं गुत्त्यांच्या दारांत बसून प्रार्थना आरंभिल्या. १८७४ सालीं त्यांची मद्यपाननिषेधक संस्था स्थापन झाली. १८९३ सालीं गुत्तेविरोधी संघ निघाला. आणि अखेर १७ जानेवारी १९२० पासून साऱ्या देशांत दारूबंदी झाली. शेंकडों पेढ्या बुडाल्या व त्यांच्या नांवांच्या बाटल्या अडगळींत गेल्या. केवळ सहा कंपन्यांस डॉक्टराच्या चिठ्ठीवर औषधी व्हिस्की विकण्याचा परवाना मिळाला. या स्त्रियांचें दुःख खरें होतें, आणि नामांकित व्यापाऱ्यांपैकीं फार थोड्यांनीं तें कानीं घेतलें, हेंहि खरें. बाटलींत काय आहे याचा जबाब ते देत. बाटली रिकामी झाल्यावर घरांत काय होतें याचा नव्हे.

परंतु बंदीनें दारू थांबली नाहीं. थांबलें तें बाटलीवरचें नांव. कारखान्यांचें विषारी केलेलें स्पिरिट चोरून, अर्धवट शुद्ध करून विकलें जाऊं लागलें, आणि तें पिऊन कित्येक माणसें आंधळीं झालीं, कित्येक मेलीं. ५ डिसेंबर १९३३ रोजीं बंदी उठली. त्यानंतर १९३५ पासून १९६४ पर्यंत व्हिस्कीच्या प्रत्येक बाटलीवर, ही बाटली पुन्हां भरणें वा विकणें कायद्यानें मना आहे, अशा अर्थाचीं इंग्रजी अक्षरें उठविणें सक्तीचें होतें. हीं अक्षरें दिसलीं कीं बाटली या तीस वर्षांतील, हें संग्राहक एका दृष्टिक्षेपांत सांगतात.

पुन्हां भरण्याची लबाडी मात्र त्या अक्षरांनींहि मेली नाहीं. आज जुन्या भरलेल्या बाटल्यांचे लिलांव लाखों रुपयांवर जातात, तेव्हां रिकाम्या जुन्या बाटलींत नवा माल भरण्याचा मोह सुटेल कसा? २०१८ सालीं स्कॉटलंडमधील एका विद्यापीठीय संशोधनकेंद्रांत दुर्मिळ म्हणविणाऱ्या ५५ बाटल्यांतील व्हिस्की तपासली, तेव्हां २१ बाटल्या बनावट किंवा लिहिलेल्या सनाच्या नसलेल्या निघाल्या. १९५० नंतर झालेल्या अणुस्फोटांच्या चांचण्यांमुळें हवेंतील किरणोत्सर्गी कार्बनाचें प्रमाण वाढलें, आणि तें त्या काळच्या सातूंत उतरलें. म्हणून १८९० सालची म्हणून विकलेली व्हिस्की १९६० नंतरच्या धान्याची असेल, तर ती स्वतःच तसें सांगते. माणसानें नांव बदललें, सन बदलला. पण धान्यानें श्वासाबरोबर घेतलेली साक्ष कोणास बदलतां आली नाहीं.

आपल्याकडे या कथेचे धागे अगदींच नाहींत असें नाहीं. मुंबईच्या पारशी समाजांत 'बाटलीवाला' हें आडनांवच आहे. धंद्याचें नांव बाटलीवर न घालतां त्यांनीं तें कुळासच लावून घेतलें. मुंबई प्रांतांत १९४९ सालीं दारूबंदीचा कायदा झाला, आणि महाराष्ट्रांत आजहि मद्यपानास कायद्यानें परवाना लागतो. तरीहि जून २०१५ मध्यें मुंबईच्या मालवणी वस्तींत विषारी गावठी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. तीं बहुतेक हातावर पोट भरणारीं होतीं. जें द्रव्य त्यांनीं घेतलें त्यावर कोणाचेंहि नांव नव्हतें आणि कोणाचीहि हमी नव्हती. केंटकींतील पिंपाच्या काळीं गिऱ्हाइकाची जी स्थिति होती, तीच दीडशें वर्षांनंतर आपल्या शेजारीं राहणाऱ्या गरिबाची असावी, ही खेदाची गोष्ट आहे. अशा वेळीं, पिणारा मेला तर त्याचेंच कर्म, असें म्हणून सोंवळ्यानें बाजूस होणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. व्यसन हा त्याचा दोष असेल. विष हा विकणाऱ्याचा गुन्हा होय.

मद्य न शिवणाऱ्या घरासहि या कथेपासून एक धडा घेतां येईल. आपल्या फळीवर तेल, मध, खोकल्याचें औषध, लहान मुलांचें अन्न अशा कित्येक मोहोरबंद बाटल्या व डबे असतात. त्यांवर घटक, वजन, तारीख व उत्पादकाचा पत्ता छापलेला असतो, तो कोणा व्यापाऱ्याच्या उदारपणामुळें नव्हे. अमेरिकेंत १९०६ सालीं आणि आपल्याकडे २००६ सालीं झालेल्या अन्नविषयक कायद्यांसारख्या कायद्यांमागें फसविल्या गेलेल्या, आजारी पडलेल्या, प्राणांस मुकलेल्या लोकांची मोठी रांग उभी आहे. तीं बारीक अक्षरें आपण वाचतों काय? घरांतील एखाद्या शाळकरी मुलास चष्म्याऐवजीं कामास लावावें आणि महिन्याचा किराणा आला कीं त्याच्याकडून प्रत्येक लेबल मोठ्यानें वाचून घ्यावें. मुलाचें वाचन सुधारेल, आणि ज्या हमीसाठीं लोक इतकीं वर्षें झगडले, ती फुकट जाणार नाहीं.